आपोआपची बंदूक

१२ सप्टेंबर

आज तिसऱ्यांदा माझा पाइप मोडला. नदीतून वाळू भरून निघालेला टिप्पर सरकारी रस्ता सोडून माझ्या उसातल्या वाटेनं जातो. सरकारी रस्त्यावर कधीमधी तहसीलची गाडी उभी असते, माझ्या उसात फक्त मी उभा असतो. विहिरीपासून खालच्या दोन एकरांपर्यंतची पाइपलाइन त्या वाटेखालून गेली आहे. भरला टिप्पर वरून गेला की ती पापडासारखी मोडते आणि पुढचे चार दिवस ऊस माझ्याकडं बघत उभा राहतो.

टिप्पर तानाजीचे. तानाजी माझा चुलतभाऊ. त्याची बायको बबिता सरपंच आहे, म्हणून गाव तानाजीला सरपंच म्हणतं आणि बबिताला तानाजीची बायको. फोन केला.

"दादा, पाइपच हाय ना. माणूस थोडाच मेलाय."

"माणूस मेल्यावर थांबशील?"

"तवाच्या तवा बघू की."

जिल्ह्याच्या दैनिकात दर रविवारी माझं एक तिरकं सदर यायचं. नऊ वर्षं आलं. जुलैमध्ये 'नदी चोरीला जाते तेव्हा' असा मजकूर लिहिला, तानाजीचं नाव न घेता, आणि पुढच्या रविवारी माझ्या जागेवर तानाजीच्या वाढदिवसाची जाहिरात होती. चौकट तीच, आकार तोच. संपादक म्हणाले, सर, थोडे दिवस विश्रांती घ्या. घेतोय. विश्रांतीनं माणूस इतका चिडतो हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी कपाटातून वडिलांची रायफल काढली. लेखणी गेल्यावर माणूस दुसरं काय काढणार.

१३ सप्टेंबर

ही रायफल वडिलांनी, म्हणजे बद्रीनाथरावांनी, चौऱ्याहत्तर साली हैदराबादच्या एका दुकानातून आणली. परदेशी, बारीक बोअरची. प्रत्येक गोळीला दांडा मागं ओढावा लागत नाही, घोडा दाबला की पुढची गोळी आपली आपण वर येते. गावानं तेव्हापासून तिचं नाव 'आपोआपची' ठेवलं आहे. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे मी तिचा उपयोग इतिहासासारखाच केला. पुसून ठेवली, एकदाही चालवली नाही.

त्र्याऐंशी साली विहिरीच्या पाळीवरून वडिलांनी ती सख्ख्या धाकट्या भावावर, म्हणजे तानाजीच्या बापावर, रोखली होती. सगळं गाव बांधावर. वडिलांनी नेम धरला, क्षणभर थांबले, आणि बंदूक खाली घेतली. "भाऊ हाय. जाऊ दे," एवढंच बोलले. बद्रीनाथरावांचा संयम आमच्या शिवारात अजून सांगतात. मीही वर्गात नाव न घेता दोनदा सांगितला आहे.

मला तो संयम वारशात मिळालेला नाही. परवाना मिळाला.

आज दांडा ओढून बघितला तर अर्ध्यात अडकला. मॅगझीनची स्प्रिंग मेली आहे. दस्ता चिरला आहे. आता प्रश्न असा, की हिला दुरुस्त करायचं, की ही जमा करून परवान्यावर पिस्तूल घ्यायचं. तानाजीच्या कमरेला पिस्तूल आहे. तेलगावच्या बाजारात भाजी घेतानाही तो शर्ट असा वर खोचतो की कोथिंबीरवाल्या बाईलाही ते दिसावं. पिस्तूल हे आमच्याकडचं बाप्यांचं मंगळसूत्र झालं आहे. ते नसलं की लोक विचारतात, काय झालं?

१६ सप्टेंबर

बीडला गेलो. मुख्तारभाईंचं बंदुका दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या टोकाला आहे. वय सत्तर, डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग. त्यांनी रायफल उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग परत आत.

"सर, इसमें पिन नहीं है."

"म्हणजे?"

"गोळीच्या बुडावर जी टोकदार पिन बसते ना, फायरिंग पिन, ती न्हाई. घोडा दाबा, टक करेगी. गोळी जागची हलणार न्हाई."

"तुटली असेल."

"तुटी होती तो टुकडा रहता. ही काढलीय. लई सलीकेसे. एका स्क्रूला ओरखडा न्हाई." त्यांनी बोट आत फिरवून वास घेतला. "और तेल कौनसा डालते आप? हे तर शिलाई मशीनचं तेल हाय."

माझं डोकं तिथंच फिरलं. लोकसभेच्या आचारसंहितेत परवानाधारकांच्या बंदुका पोलिसांकडं जमा होत्या. माझी तीन महिने मालखान्यात पडून होती. तिथंच कुणीतरी पिन काढली आणि वर स्वस्तातलं तेल चोपडून दिलं. दुसरं कोण करणार?

मुख्तारभाई म्हणाले, "तीन महिन्याचं काम न्हाई वाटत. पिन बसते ती जागा देखो, पुरानी जंग है."

म्हाताऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. रायफल त्यांच्याकडंच ठेवली. त्यांनी दोन्ही वाटा सांगितल्या. नवी पिन घडवायची, स्प्रिंग, मॅगझीन, दस्ता बदलायचा, हवी तर वर दुर्बीण. किंवा पिस्तूल. म्हणाले, "विचार करके बताओ. रायफलवाला माणूस घरी जाऊन रायफल काढतो, तोपर्यंत थोडा ठंडा होतो. पिस्तूलवाल्याला घरी जावं लागत न्हाई."

हे माझ्या सदरात शोभलं असतं. सदर नाही.

१७ सप्टेंबर

पोलीस ठाण्यात गेलो होतो. मालखान्याच्या जमादारांना सांगितलं, तुमच्या ताब्यात असताना माझ्या रायफलीची पिन चोरीला गेली आहे.

"सर, पिन चोरून आमी काय करावं? दात कोरावं?"

"मला काय माहीत तुम्ही कशानं दात कोरता."

"घेताना तपासून घेतली व्हती का?"

"नाही."

"मग देतानाबी आमी तपासली न्हाई. हिसाब बराबर."

शेजारचा हवालदार हसला. मी लेखी तक्रार दिली, दोन पानी, मुद्देसूद. जमादारांनी ती वाचली, "अक्षर लई झ्याक हाय सर," म्हणाले आणि चहाच्या कपाखाली ठेवली. येताना टिप्परची तक्रारही द्यावी असं मनात होतं. त्या कपाकडं बघून दिली नाही.

२० सप्टेंबर

घरात मत घेतलं. लोकशाही आहे.

सुनिता मशीनवर बसून कुणाचातरी ब्लाउज शिवत होती. गावातले निम्मे ब्लाउज माझी बायको शिवते. पाय न थांबवता म्हणाली, "नवी नगा. जुनीच दुरुस्त करा."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही न्हाई. पर हिची सवय हाय घराला. नव्याचं कसं उघडतं, कसं बसतं, कोण बघत बसंल."

"तुला उघडायचंय का?"

"पुसावं तर मलाच लागतंय दसऱ्याला."

हे खरं आहे. पिन गेल्याचं आईला सांगितलं. आईचं नाव वच्छलाबाई, वय एकोणऐंशी, दारात बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "अगं बाई. कोण नेली म्हनं?"

"पोलिसांनी."

"मेले." आणि शेंगा सोलू लागली. सुनिताच्या मशीनचा आवाज मधेच थांबला, बहुधा दोरा तुटला.

२८ सप्टेंबर

तानाजीचा वाढदिवस. जुलैची जाहिरात आगाऊ होती, असं आज समजलं. भावकी म्हणून जावं लागलं. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत तानाजी, पुढं टेबल, टेबलावर पेढ्याचा पुडा आणि पुड्याशेजारी पिस्तूल. पेढा घेताना हात त्याच्यावरून न्यावा लागतो, अशी मांडणी.

"दादा, ऐकलं तुमची आपोआपची बंद पडली म्हनं."

"दुरुस्तीला टाकलीय."

"कावून खर्चात पडता? म्युझियमला द्या. सर लोकायला लेखणी बरी." मग जरा थांबून, "तीबी बंद पडली म्हना."

ओटाभर लोक हसले. मी पेढा खाल्ला. तो चांगला होता, याचा जास्त राग आला.

सटवा बाहेर टिप्पर धूत होता. तानाजीचा ड्रायव्हर. चाळिशीचा माणूस, चार वर्षांमागं मेंढरं विकून स्टेअरिंग धरलं. त्याची मुलगी आरोही माझ्या बारावीच्या वर्गात आहे. मला बघून त्यानं पाण्याची नळी खाली धरली. "सर, त्या वाटंनं जाताना मला बरं न्हाई वाटत. पर मालक सांगत्यात." मी म्हणालो, "मेंढरं तरी पाइप चुकवून चालायची." बोललो आणि वाईट वाटलं. पण थोडंच.

घरी येऊन मुख्तारभाईंना फोन केला. दुरुस्त करा. सगळं.

५ ऑक्टोबर

रायफल आणली. नवी पिन, नवा दस्ता, नवी स्प्रिंग, नवं मॅगझीन. दुर्बीण घेतली नाही. तानाजी एवढा मोठा आहे की तो साध्या डोळ्यांनी दिसतो. मुख्तारभाईंनी मागच्या अंगणात नेऊन वाळूच्या पोत्यात एक गोळी टाकून दाखवली. पन्नास वर्षांच्या म्हातारीनं चिमटा काढावा तसा आवाज. पोत्यातून वाळू सुरसुर गळू लागली. मी ती गळून थांबेपर्यंत बघत राहिलो.

"किसके लिए है सर?" मुख्तारभाईंनी विचारलं.

"रानडुकरांसाठी."

त्यांनी रायफल परत उघडली. पिन कशी बसते ते मला दाखवू लागले, मी म्हटलं, मला नको. मला फक्त चालायला हवी.

सुनितानं मात्र घरी आल्या आल्या हातात घेतली, दांडा मागंपुढं करून बघितला. "मऊ झाली," म्हणाली. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्या एखाद्या गोष्टीत पहिल्यांदाच रस घेतला.

९ ऑक्टोबर

चौथ्यांदा पाइप. या वेळी बरोबर जोडावरच. मी घरी होतो. रायफल काढली, गोळ्या भरल्या. दारात आई उभी.

"परवा खंडेनवमी हाय. पूजा झाल्याबिगर हत्यार उंबऱ्याबाहीर न्यायचं न्हाई."

"आई, हा काय टाइम—"

"तुझ्या बापानंबी न्हाई नेलं कदी."

परत ठेवली. या घरात सगळ्या गोष्टींना मुहूर्त आहे, फक्त टिप्परला नाही.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

आमच्या भावकीची जुनी रीत आहे. सगळ्यांची हत्यारं थोरल्या घराच्या देव्हाऱ्यापुढं येतात. थोरलं घर आमचं. भांडण असो, कोर्ट असो, हत्यार पूजेला येणारच. विळे, कोयते, कुऱ्हाडी, दोन गंजलेल्या तलवारी, सुनिताचं शिलाई मशीन, आपोआपची, आणि ताटात रुमालाखाली तानाजीचं पिस्तूल. ते बबितानं आणलं. नवऱ्याचं हत्यार बायकोच आणते.

दुसरी रीत अशी, की बायका हत्यारं धुऊनपुसून मांडतात तेव्हा बाप्यांनी आत यायचं नाही. दार लोटलेलं. मी ओसरीवर, तानाजी अंगणात बुलेटवर बसलेला, दोघं एकमेकांकडं न बघता. आतून आई, सुनिता, बबिता या तिघींचं हळू बोलणं. मधेच बबिता हसली. नंतर बराच वेळ शांतता, बारीक काम चालू असल्यासारखी.

"लई टाइम लागला आज," तानाजी दाराकडं बघून म्हणाला.

"दुरुस्त केलेलं हत्यार हाय," आई आतून म्हणाली. "नीट पुसावं लागतं."

दार उघडलं. झेंडूच्या फुलांत सगळं मांडलेलं. रायफलीच्या नळीवर हळदकुंकवाची बोटं. सुनिताच्या बोटांना तेल लागलं होतं, ती पदराला पुसत होती. तानाजीनं नमस्कार केला, पिस्तूल कमरेला लावलं आणि जाताना म्हणाला, "दादा, तुमच्या वाटंवर मुरूम टाकून देतो. म्हंजी टिप्परला बरं पडंल."

माझी वाट. माझ्यावर उपकार.

१४ ऑक्टोबर

काल जे झालं ते नीट लिहितो. इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही, बाहेर ते आपोआप होईल.

सकाळी दहाला टिप्पर उसाच्या वाटेत आला. मी पाइपजवळ आडवा उभा राहिलो, हातात रायफल. सटवानं ब्रेक दाबला. तानाजी मागून जीपमधून उतरला, आसपासच्या रानांतून पंधरावीस माणसं जमली.

"दादा, बाजूला व्हा. नाटक नगं."

"टिप्पर मागं घे."

"भरलेला हाय. मागं जात न्हाई."

"मग इथंच राहू दे. वर्षभर."

"इतिहासाचा तास हाय का हा?" तो लोकांकडं बघून म्हणाला. "बे, कुणीतरी सरांना घरी सोडा."

मी रायफल खांद्याला लावली. त्यानं पिस्तूल काढलं. मधे, खिडकीत, सटवा. तो हात जोडून म्हणाला, "सर, मालक, मला आदी खाली उतरू द्या. मग काय घालायचं ते घाला." कुणी हसलं नाही. तो उतरला आणि उसात शिरला.

मग तानाजी म्हणाला, "तुमच्या बापात दम न्हवता, तुमच्यात कुठून येणार."

मी घोडा दाबला.

हे लिहितोय तेव्हा बोट ताठ झालं आहे. मी नेम त्याच्या छातीवर धरला होता, पायावर नाही, हवेत नाही. आणि मी दाबला. टक झालं. टिप्परचं इंजिन चालू होतं, माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. समोर तानाजीचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. पिस्तूल माझ्याकडंच रोखलेलं होतं. त्याचं बोट हललं असं मला वाटलं, पण मी तेव्हा काय बघत होतो ते मलाच सांगता येणार नाही. दोघंही तसेच उभे, मग त्यानं हात खाली घेतला. मीही घेतला.

"भाऊ हाय," मी म्हणालो. का म्हणालो? दुसरं काही तोंडात आलंच नाही.

"जाऊ दे," तानाजी म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

घरी येऊन परसात बसलो. सुनितानं पाणी दिलं. आज सकाळपर्यंत तिनं काहीच विचारलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

गावात काय चाललंय ते लिहायला शाईलाही लाज वाटते. पारावर मला हार घातला. "बाप तसा बेटा." "दोघंबी भाऊ लई संयमी." माझे दोन विद्यार्थी पाया पडले. ज्या संपादकानं मला विश्रांतीला पाठवलं त्याचा फोन आला, दोन भावांच्या संयमावर चारशे शब्द द्या. मी त्याला चार शब्द दिले, छापण्यासारखे नव्हते.

दुपारी सटवानं ट्रॅक्टरमधून नवा पाइप आणून बांधावर टाकला. "मालकांनी दिलाय. टिप्पर आजपासून सरकारी रस्त्यानं जातील म्हणाले."

"का?"

"ठावं न्हाई सर. परवापासून जेवले न्हाईत. पिस्तूल काढून कपाटात ठेवलंय."

घाबरला, असं मी समजलो. बरं झालं. पण मला आनंद झाला नाही.

विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदुका जमा करायच्या आहेत.

१६ ऑक्टोबर

जमा करण्याआधी मी रायफल स्वतः उघडली. मुख्तारभाईंनी दाखवलं होतं तेवढं आठवत आठवत, सुनिताच्या मशीनचा बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन. तो हातात घेतला आणि थांबलो. त्याच्या टोकाला तेच तेल होतं.

आत पिन नव्हती. या वेळी रायफल मालखान्यात गेली नव्हती. ती माझ्या घरातून हललीच नव्हती.

सुनिता तेलगावला बाजाराला गेली होती. नवमीला रायफल जिथं पुसली होती तिथं, देव्हाऱ्यापुढं, जाऊन बसलो. आई भिंतीला टेकून बसली होती. मी कुंकवाचा दोन मजली करंडा उचलला.

"खालच्या कप्प्यात बघ," आई म्हणाली. "वरच्यात कुंकू हाय, सांडशील."

खालच्या कप्प्यात कापूस, कापसात तेलकट कापडाची पुरचुंडी. एक पिन नवी, मुख्तारभाईंच्या हातची, चकचकीत. एक जुनी, काळी पडलेली.

"ही कधीची?"

"त्र्याऐंशीच्या नवमीची. मला माझ्या सासूनं शिकवलं व्हतं, घरात हत्यार असलं की त्याचा जीव बाईनं ठेवायचा. तवा तलवारीची मूठ ढिली करायचो. बंदुकीचं मी शिकले. सुनिताला मी शिकवलं."

बद्रीनाथरावांनी नेम धरला, क्षणभर थांबले. चाळीस वर्षं गाव तो क्षण सांगत आलं, दोनदा वर्गात मीही.

"त्यांनी दाबला होता?"

आईनं करंडा जवळ ओढला. "मला कावून इचारतो? तुला ठावं हाय की आता."

मी पुरचुंडी बांधायला घेतली तर तिच्यात अजून एक होती. आखूड, जाडसर. माझ्या रायफलीची नव्हती. कोणत्याच रायफलीची नव्हती. हातात धरून बघत बसलो. तानाजीचा राखेसारखा चेहरा, कोरडे ओठ, आणि त्याचं ते बोट.

"बबिताची हाय," आई म्हणाली. "ठेव तशीच."

१७ ऑक्टोबर

ठाण्यात रायफल जमा केली. जमादारांनी नोंदवही पुढं सरकवली. "सर, या बारीला पिन हाय का बघून घ्या, मागून आमच्या नावानं शंख नगं."

"आहे." कुठं आहे ते त्यांनी विचारलं नाही.

"स्थितीच्या रकान्यात काय लिवू?"

"चालू."

मागच्या महिन्यातली माझी तक्रार परत मागितली. कपाचा गोल डाग पडला होता. मग बॅगेतून दुसरी काढून दिली, वाळूची, टिप्परच्या नंबरांसकट, खाली माझं नाव आणि सही. नंबर तानाजीचे आहेत. सरकारी रस्त्यानं गेला म्हणून नदी त्याची होत नाही. राग तसाच आहे, कणभर कमी नाही. पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. पाऊण तास बसलो. जमादारांनी शेवटी शिक्का मारला.

फाटकात तानाजी भेटला. पिस्तूल जमा करायला आलेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यानं विचारलं, "आई बरी हाय का?" मी म्हणालो, "बरी आहे." त्यानं मान हलवली. त्याला अजून वाटतंय की आपल्या एकट्याचंच बोट हललं होतं. सांगणार होतो. सांगितलं नाही, एवढी शिक्षा राहू दे.

मुख्तारभाईंचा फोन, "काय ठरलं सर, पिस्तूल पायजे का?" म्हणालो, नको, जुनीच ठीक आहे, घराला सवय आहे.

येताना तेलगावातून मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि सुनिताच्या खणात, स्क्रू ड्रायव्हरशेजारी ठेवली. ती ब्लाउजला काज करत होती. बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सुईत दोरा ओवायला मला दिला. आजकाल तिला जवळचं नीट दिसत नाही. मलाही नाही. तिसऱ्या प्रयत्नात ओवला गेला.